वाहून आणलेली माती

डोंगरावरचं ते चर्च बांधणाऱ्यांनी जागा निवडताना एकच गोष्ट बघितली: वरून कोसळणारा बर्फ तिथपर्यंत येतो की नाही. त्याआधीचं चर्च खालच्या उतारावर होतं आणि एका हिवाळ्यात ते आतल्या माणसांसकट गाडलं गेलं. वाचले त्यांनी मग दोन शिखरांमधला उघडा कातळ निवडला. बर्फ तिथून दोन्ही अंगांना फुटून निघून जातो. अंदाज बरोबर ठरला. तीनशे वर्षांत भिंतींना एकदाही धक्का लागला नाही. छप्पर दोनदा जळलं, ते विजेने. पण कातळावर माती नसते, हे पहिला माणूस मेल्यावर लक्षात आलं. जिवंतांची सोय बघितली होती, मेलेल्यांची राहून गेली होती.

मग माती खोऱ्यातून आणली. पाठीवरून, टोपल्यांमधून. चर्चच्या मागे दगडी भिंत घालून तिच्या आत ती भरली, उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी. दर पावसाळ्यात त्यातली थोडी वाहून जाते. म्हणून लग्न झालं की नव्या जोडप्याने खालून एकेक टोपली माती आणून टाकायची, अशी रीत पडली. ती अजून चालू आहे. आता टोपल्या जीपमधून येतात, पण शेवटचा चढ पाठीवरच चढायचा. "स्वतःची गादी स्वतःच घालतायत बघा," अशी थट्टा दर लग्नात कोणीतरी करतं आणि दर लग्नात लोक हसतात.

एवढ्याशा मातीत कबरी मावून मावणार किती? दोन ओळी. त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त वर्षं झाली त्याने उठायचं आणि नव्याला जागा द्यायची. उठलेल्याची हाडं वेदीखालच्या खोलीत जातात आणि कवटी फळीवर बसते. कवटीवर नाव लिहीत नाहीत. गावात तीच तीच नावं फिरत असतात, उद्या कोणाचा आजा कोणता ते कळायचं नाही. म्हणून घराची खूण रंगवतात. सुतारांची करवत, बेकरीवाल्यांचं भट्टीचं फावडं, शिवणकामवाल्यांची कात्री. बाहेरून आलेली माणसं ती खोली बघून गप्प होतात. गावातली मुलं तिथे लपाछपी खेळतात.

उठवण्याचे नियम थोडे आहेत. ज्या घरी मृत्यू झाला त्यांनी, ज्याची पाळी आली आहे त्याच्या घरी जाऊन विचारायचं: "जागा देता का?" त्यांनी म्हणायचं: "घ्या." नाही म्हणायची सोय नाही. उठवल्यावर कवटी धुवायची ती जवळच्या बाईने, आई हयात असेल तर आईनेच. ती मांडीवर घेऊन धुतात. ज्यांनी हे केलंय त्या बायका त्याबद्दल बोलत नाहीत, पण त्यांना विचारलं तर कोणीच ते वाईट होतं असं म्हणत नाही.

नाही म्हणू शकतो तो फक्त चर्चचा राखणदार. घंटा वाजवणं, छप्पर शाकारणं, कबरी खणणं ही त्याची कामं. त्याच्याकडे एक लांब लोखंडी सळई असते. ती तो कबरीत खुपसतो. खालची पेटी मोडून मातीत मिसळली असेल तर सळई सरळ खाली जाते. पेटी शाबूत असेल तर ठक्क वाजतं. मग तो म्हणतो, "माती तयार नाही," आणि पाळी पुढच्यावर जाते.

आत्ताच्या राखणदाराने तीस वर्षांत हे वाक्य फक्त दोनदा उच्चारलं होतं. तिसऱ्यांदा उच्चारलं तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

*

पूर्वी गावची जीप चालवणारा ड्रायव्हर गेला तो हिवाळा तोंडावर असताना. लिव्हर. गावाला ते एका वर्षापासून दिसत होतं, त्यामुळे धक्का असा कोणाला बसला नाही. दुपारी त्याची बायको राखणदाराच्या घरी आली. ती तिच्या भावाच्या बेकरीत काम करते. भाऊही बरोबर होता. भट्टी विझवून तो तसाच निघालेला, कोपरापर्यंत पीठ.

"वहिनी," ड्रायव्हरची बायको म्हणाली, "सकाळी गेले ते."

"कळलं गं. घंटा यांनीच वाजवली ना." राखणदाराच्या बायकोने शिलाई मशीनवरचा पाय काढला. खिडकीजवळच्या त्या मशीनवर अर्ध्या गावाचे कपडे शिवले जातात. "बस."

"बसत नाही. जागा मागायला आलेय. पाळी कोणाची आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. पाळी मुंगीची होती.

मुंगी ही राखणदाराची एकुलती एक मुलगी. लहानपणी सतत काही ना काही उचलून घरात आणायची म्हणून हे नाव पडलं, आणि मोठेपणीही सुटलं नाही. ती खालच्या शहरात नर्सिंग शिकत होती. सात वर्षांपूर्वी सुट्टीसाठी घरी येताना ड्रायव्हरची जीप घाटातल्या वळणावरून खाली गेली. जीपमध्ये दोघंच होते. ड्रायव्हरचं पायावर निभावलं. पोलिसांनी कारण लिहिलं, रस्त्यावर बर्फ. गावातले काही म्हणाले, बर्फ रस्त्यात कमी आणि याच्या ग्लासात जास्त होता. खरं काय ते एकट्या ड्रायव्हरला माहीत होतं. त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही आणि तोंडही उघडलं नाही, प्यायला उघडलं तेवढंच. राखणदार सात वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. समोरून येताना दिसला की तो रस्ता बदलायचा.

"घ्या," राखणदाराची बायको म्हणाली.

ती हे इतक्या पटकन म्हणाली की ड्रायव्हरच्या बायकोने डोळ्यांकडे नेलेला पदर तिथेच थांबला. घरून निघताना तिने मनाशी बरीच वाक्यं जुळवून आणली होती. त्यांची गरजच पडली नाही.

"थांबा," राखणदार खुर्चीतून उठला. "मातीचं मला बघावं लागेल."

"बघा की दादा," बेकरीवाला म्हणाला. "कोण नको म्हणतंय? पण तिच्या दोन्ही बाजूंच्या कबरी तुम्हीच उघडल्यात. लोण्यासारखी माती आहे, हेही तुम्हीच माझ्या दुकानात उभं राहून सांगितलंत."

"तयार नाही."

"न बघताच?"

"मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," बेकरीवाला म्हणाला. "माझ्या आईला उठवायच्या वेळी ही आमची ताई रडत होती, अजून एक वर्ष थांबा म्हणत होती. तेव्हा काय बोलला होतात? पाळी म्हणजे पाळी, माती कोणाची सासू नाही आणि कोणाची सून नाही. आम्ही ऐकून घेतलं. आता स्वतःच्या दारात आल्यावर माती तयार नाही? आपला तो बाब्या, काय?"

"राहू दे रे," त्याची बहीण म्हणाली. मग राखणदाराकडे वळली. "भाऊ, तुमचा राग मला कळतो. मी सात वर्षं त्या माणसाबरोबर एका छताखाली काढली, मला नाही कळणार तर कोणाला? पण तो आता मेलाय. मेलेल्यावर कसला राग काढता?"

"रागाचं नाहीये हे."

"मग कशाचं आहे?"

बेकरीवाल्याने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं. "उद्या फादर येतायत. सगळ्यांसमोर सळई घाला. ठक्क वाजलं तर मी तुमच्या पाया पडेन."

ते गेल्यावर बायको मशीनशी परत बसली, पण मशीन चालू केलं नाही.

"त्याच्यावरचा राग तुम्ही माझ्यावर का काढता?" ती म्हणाली. "मी या दिवसाची वाट बघत जगलेय. तुम्ही तिला हॉस्पिटलात बघितलंत. पेटी उघडायची नाही असा त्यांचा हुकूम आहे म्हणालात, मी मान्य केलं. बंद फळीवर हात ठेवून रडले. ते रडणं अजून पुरं झालेलं नाही माझं. मला एकदा तिचं डोकं मांडीवर घ्यायचंय. जागा मागायला ड्रायव्हर आलाय की सैतान आलाय, मला काय करायचंय?"

"अगं, पुढच्याची पाळी लावू. एक-दोन वर्षांनी..."

"एक-दोन वर्षं कोणाची? माझी? गुडघे बघितलेत माझे? चर्चचा चढ मी यंदा दोनदा चढले फक्त. अहो, माझ्याच्याने पुढच्या वर्षी मांडी तरी घालवणार आहे का?"

राखणदार बूट घालून बाहेर निघून गेला. बायकोला वाटलं, सळई आणायला गेला असेल. तो चर्चच्या अवजारांच्या खोलीत जाऊन नुसता बसून राहिला.

हॉस्पिटलने असा कुठलाच हुकूम दिलेला नव्हता. ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं. तिथल्या थंड खोलीत त्याने चादर बाजूला केली तेव्हा त्याला मुंगीचा चेहरा अर्धाच दिसला, कारण तो अर्धाच उरला होता. हे तिच्या आईला दिसता कामा नये, एवढं त्याने तिथेच ठरवलं. पेटी त्याने याच अवजारांच्या खोलीत, स्वतःच्या हाताने बनवली. आणि पेटी बनवताना त्याने ती चूक केली.

गावातल्या इतर बापांना माती म्हणजे फक्त माती होती. याला ठाऊक होतं की माणसाचं हाड होईपर्यंत मधल्या काळात खाली काय काय चालतं. पहिल्या वर्षी काय होतं, तिसऱ्या वर्षी काय, पाणी कुठून शिरतं, मुळं कुठे जातात. इतरांना तो "मातीचं काम माती करते" असं सांगून मोकळा व्हायचा. स्वतःच्या मुलीच्या वेळी हे वाक्य त्याच्या गळ्याखाली उतरेना. छपराच्या दुरुस्तीतून उरलेला पत्रा कोपऱ्यात पडून होता, आणि अर्धं पिंप डांबर. त्याने पेटीला आतून पत्रा ठोकला, सांधे डांबराने भरले, बाहेरूनही डांबर फासलं, वाळू दिलं, पुन्हा फासलं. पाण्याचा थेंब तिच्यापर्यंत पोचू नये. त्या दोन दिवसांत याच्यापलीकडे त्याने काहीही विचार केला नाही. तिचीही एक दिवस पाळी येईल, हे पाळ्या लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

आलं ते पुढच्या वर्षी, दुसऱ्याच कोणाची तरी कबर उघडताना. तेव्हापासून गावात कोणी म्हातारं खोकलं की तो पाळ्यांची रांग आठवायचा. तिच्याआधी किती जण आहेत ते तो मनात मोजायचा. घाबरण्यासारखं नव्हतं; तो स्वतः आधी जाईल, असा त्याचा अंदाज होता. पण यंदाच्या उन्हाळ्यात एका तापाने गावातली माणसं भराभर गेली आणि रांग पुढे सरकली.

माती तयार नाही, हे शंभर टक्के खरं होतं. ती कधीच होणार नव्हती. सळई वाजली असती, पण दोन्ही बाजूंच्या पेट्या मोडल्या असताना हीच कशी शाबूत, याचं कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की बायकोला कळणार की मुलगी खाली अजून हाडं झालेली नाही. मग ती बघायचंच म्हणणार. आणि आत काय असेल, याची नेमकी कल्पना गावात त्याला एकट्यालाच होती.

*

फादर सकाळी आले. ते खोऱ्यात राहतात आणि रस्ता बंद होण्याआधी वरची कामं उरकून घेतात. वय झालंय, पण गाडीतून उतरल्या उतरल्या वाद मिटवायची त्यांची सवय गेलेली नाही. ड्रायव्हरची पेटी घंटाघराखालच्या खोलीत ठेवली होती. मागच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली होती, हात खिशात घालून. थंडीमुळे आणि काही बोलायचं नसल्यामुळे.

फादर ड्रायव्हरच्या बायकोला म्हणाले, "हे बघ, खाली नगरपालिकेची जागा आहे. स्वच्छ आहे, मोकळी आहे. देवाला पत्ता सारखाच."

"देवाला असेल फादर. खाली यांचं कोण आहे?" ती म्हणाली. "रस्ता बंद झाला की पाच महिने मी फूलसुद्धा ठेवू शकणार नाही. लोक आधीच म्हणतात, याला इथे जागा नको. खाली नेला तर ते कागदावर लिहून दिल्यासारखं होईल."

"आणि ही कबर राहिली, तर पाळी कोणाची?" फादरांनी विचारलं.

"पुढची सगळी ताजी आहेत," बेकरीवाला म्हणाला. "दादांनाच विचारा. घाला सळई. उगाच झाकली मूठ नको."

राखणदाराने सळई आणली होती. बायको भिंतीला टेकून उभी होती. चढ चढून तिला धाप लागली होती. शेजारणीने स्टूल दिलं तरी ती बसली नाही. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं. मग कबरीच्या मधोमध सळई रोवली आणि दोन्ही हातांनी दाबली.

ठक्क.

"दगड," बेकरीवाला म्हणाला. "मुद्दाम दगडावर मारलीत. आणा इकडे."

त्याने सळई ओढून घेतली आणि डोक्याच्या बाजूला खुपसली. ठक्क. वीतभर सरकून पुन्हा. ठक्क. पायांच्या बाजूला. ठक्क. कडेला खुपसली ती सरळ खाली गेली, आणि तिथून आत यायला लागला तशी पुन्हा वाजली. एका पेटीचा आकार त्याने सगळ्यांसमोर आखून दाखवला. शेवटी सळई वर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळं काहीतरी चिकटलं होतं. त्याने ते बोटाने पुसलं, वास घेतला. पाया पडण्याची गोष्ट त्याने काढली नाही, दुसऱ्या कोणीही काढली नाही.

"डांबर आहे," तो हळू म्हणाला.

राखणदाराच्या बायकोने भिंत सोडली. तीस वर्षं ती या माणसाबरोबर राहिली होती. कोणती पेटी किती वर्षांत बसते हे तिला जेवताना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

त्याने सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, कारण तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं. पत्रा, डांबर, हॉस्पिटलचा नसलेला हुकूम. चेहऱ्याबद्दल सांगताना तो थांबला. फादर म्हणाले, "पुरे." ती म्हणाली, "पुरे नाही." मग त्याने तेही सांगितलं.

ड्रायव्हरची बायको खाली बघत होती. अर्ध्या चेहऱ्याची गोष्ट तिने पहिल्यांदाच ऐकली होती.

"म्हणजे सात वर्षं," राखणदाराची बायको म्हणाली, "तुम्ही एकटेच तिला बघत होतात. आणि मी शेजारी झोपत होते."

"तुला त्रास होऊ नये म्हणून गं..."

"खणा."

"नको. माझं ऐक. मला माहीत आहे आत काय असतं. हाडं वेगळी, हे वेगळं. तुला सहन..."

"काय सहन होतं ते माझं मी बघेन. तुम्ही खणा. नाहीतर फावडं द्या इकडे."

"बाई," फादर म्हणाले, "आठवणीतला चेहरा असू दे. तो चांगला आहे."

"फादर, पाण्याखाली डोकं धरून तुम्ही तिचं नाव ठेवलंत. यांनी तिला शेवटची बघितली. मधलं सगळं मी केलं. आणि शेवटी मला फळी दाखवली." तिचा आवाज चढलेला नव्हता. "कोणीतरी खणा."

राखणदाराने खणलं. दुसऱ्या कोणाला त्याने फावड्याला हात लावू दिला नाही. झाकण उघडायला पहार लागली; डांबराने फळ्या एकजीव झाल्या होत्या. पत्रा सुटला तसा वास आला आणि माणसं मागे सरकली. फादर प्रार्थना म्हणायला लागले. बेकरीवाल्याने बहिणीला दंडाला धरून मागे ओढलं, पण ती हलली नाही.

पेटीत काय होतं ते तिथे हजर असलेल्या कोणीही पुढे कधी सांगितलं नाही, आणि ते इथे लिहिण्याचं कारण नाही. पाणी बाहेर ठेवलं होतं, पण जे आत होतं ते आतच राहिलं होतं. ते मुलगीही नव्हतं आणि हाडंही नव्हती.

राखणदाराच्या बायकोने शिडी लावायला सांगितली. खाली उतरायला तिला वेळ लागला. ती तिथे वाकून उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. वरच्यांना तिची पाठ फक्त दिसत होती. मग ती म्हणाली, "केस तसेच आहेत," आणि तिचा हात बराच वेळ तिथेच हलत राहिला, जसा केसांतला गुंता सोडवताना हलतो.

वर आल्यावर तिने हात धुतले. "मांडीवर नाही घेता येणार," ती कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "तो पत्रा फाडून काढा. फळ्या मोडा. तिला मातीत ठेवा, नुसत्या मातीत, जशी बाकीची असतात. तुम्ही थांबवलंत ते आता सुरू होऊ दे."

"मग पुन्हा तेवढीच वर्षं लागतील," तो म्हणाला. "थंड बाजू आहे. जास्तच लागतील."

"हो. तेवढी मला नाहीत." ती ड्रायव्हरच्या बायकोकडे वळली. "तुझं वय काय गं?"

"बेचाळीस."

"तुला आहेत." तिने श्वास घेतला. "तुझ्या माणसाला घेऊन ये. ठेव इथेच, वरच्या अंगाला. माती पुरेल."

"तिच्या वर?" ड्रायव्हरची बायको म्हणाली. "नाही वहिनी. मी नेते त्यांना खाली. खरंच नेते. तुमचं म्हणणं कळलं मला."

"तुला काहीच कळलेलं नाही. मी त्याला माफबिफ केलेलं नाही. तो दारू प्यायला होता का?"

अंगणातले सगळे ड्रायव्हरच्या बायकोकडे बघायला लागले. तिने भावाचा हात सोडवला.

"होता," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी घरातूनच पिऊन निघाले होते. मी किल्ली लपवायला हवी होती. नेहमी लपवायचे."

राखणदाराने फावडं खाली टाकलं. फादर मध्ये आले, पण तो कुठेच गेला नाही, नुसता उभा राहिला. त्याची बायको मान हलवत होती, एखादं माप बरोबर निघाल्यावर हलवतात तशी.

"मग ऐक," ती म्हणाली. "तो वर राहिला की पुढच्या वेळी दोघं एकदमच उठतील. त्याच्यासाठी तुला यावंच लागेल, टाळता यायचं नाही. तेव्हा आधी माझ्या मुलीचं डोकं तू मांडीवर घ्यायचंस. नीट धुवायचंस. उजवीकडे हाड मोडलेलं असेल, तिथे घासायचं नाही, नुसतं पाणी सोडायचं. आमच्या घराची खूण कात्री आहे, लक्षात ठेव. मग त्याचं काय करायचं ते कर. कबूल असेल तर जागा घे. नसेल तर ने खाली."

ड्रायव्हरच्या बायकोने कबरीत बघितलं. जे होतं ते सगळं बघितलं, तोंड न फिरवता.

"जागा देता का?" तिने विचारलं.

"घ्या."

फादर म्हणाले, असं पूर्वी कधी झालेलं नाही, एका जागेत दोन घरं. राखणदाराची बायको म्हणाली, पूर्वी कोणी पेटीला डांबरही फासलेलं नव्हतं. फादर पुस्तक उघडून पान शोधायला लागले.

दुपारपर्यंत ते झालं. राखणदाराने मुलीला मातीत ठेवलं, तिच्यावर माती घातली, हाताने सारखी केली, आणि त्या मातीवर ड्रायव्हरची पेटी उतरवली. दोर सोडायला दुसऱ्या बाजूला बेकरीवाला होता. दोघांनी एकमेकांकडे न बघता दोर सारखा सोडला. माणसं पांगली. दोन्ही बायका एकमेकींना धरून चढ उतरल्या, कारण एकीचे गुडघे जात नव्हते आणि दुसरीला समोरचं दिसत नव्हतं. राखणदार मागे राहिला. उरलेली माती लोटून, पत्रा गुंडाळून बाजूला ठेवून, अंगणाचं फाटक लावून तो निघाला तेव्हा वरच्या शिखरांवर ढग बसायला लागले होते.

कबर बुजवून झाली की खणणाऱ्याने दोन्ही घरी जाऊन तसं सांगायचं असतं. तो आधी ड्रायव्हरच्या घरी गेला. सात वर्षांत त्या दारात त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. दार बेकरीवाल्याने उघडलं.

"झालं," राखणदार म्हणाला.

"बसता का दादा? चहा टाकतो."

"नको. अजून एका घरी जायचंय."

ते घर त्याचंच होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ते ढकललं. बायको खिडकीजवळ बसली होती, मशीन बंद होतं, हात मांडीवर मोकळे पडले होते.

"झालं," तो दारातून म्हणाला.

"बरं."

त्याच्या बुटांना तीच माती लागली होती. ती त्याला घरात न्यावीशी वाटेना आणि झटकावीशीही वाटेना.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

ती खिडकीकडे वळली. बाहेर बर्फाचे पहिले कण उतरायला लागले होते आणि उघड्या दारातून थंडी आत जात होती. तो तिथेच उभा राहिला.